अंगातली कसर

माझी वहिनी येसूबाई दिसायला अशी चिमणीएवढी, पण एकदा पाय रोवला की हलवून दाखवा. आणि माझा थोरला भाऊ काशीराम! त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझं डोकंच फिरतं.

दादाला मुतखडा झाला होता. मूत्रपिंडातून उतरून लघवीच्या नळीत अडकलेला. गावी वरंधला घरात कळ आली की गडी जमिनीवर लोळायचा. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बीण घालून फोडून काढू. लघवी तपासली, ती स्वच्छ आली, तारीख ठरली. वाडीतल्या जयंतीच्या जेवणाचा भात दरवर्षी दादाच शिजवतो, त्यामुळे चौदा एप्रिलच्या आत उभं राहायचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आदल्या दिवशी दोघं मुक्कामाला माझ्याकडे महाडात आली. सकाळी वहिनी चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, यांच्या अंगात कसर हाय."

आमच्याकडे बारीक तापाला कसर म्हणतात. अंग कोमट लागतं, तोंड कडू होतं, माणूस मलूल दिसतो. मी दादाला विचारलं तर माझ्यावरच खेकसला, "ताप नाय मला! उगाच कायतरी काढू नको गो!" आणि माझ्या डोळ्यांदेखत तापाची गोळी चहाबरोबर गिळली. "ही कंबरेसाठी हाय," म्हणे. कंबरेसाठी!

दवाखान्यात सिस्टरने काखेत थर्मामीटर लावला. गोळीने ताप उतरलेला, मग काय दिसणार? "काका, दोन दिवसांत ताप, थंडी?" दादा म्हणाला, "नाय." वहिनी मागून म्हणाली, "कसर हाय अंगात."

सिस्टर शहरात वाढलेली पोर. "कसर? कसली कसर राहिली, मावशी?"

दादाने लगेच संधी साधली. "घरची कामं अर्धी टाकून आलोय, त्याची कसर म्हणते ती." सिस्टर हसली आणि दादाला स्ट्रेचरवर घालून आत न्यायला निघाली. मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी तोंड उघडायच्या आत वहिनी स्ट्रेचरच्या पुढे जाऊन उभी राहिली, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात, दोन्ही हातांनी स्ट्रेचरचा दांडा धरून.

"मावशी, बाजूला व्हा."

"नाय होणार. कसर म्हंजे ताप. रात्री अंग भाजत व्हतं. सकाळी गोळी खाऊन दाबलाय यांनी. डॉक्टरांना बोलवा."

"येसू!" दादा पडल्यापडल्या ओरडला. "जयंती बुडवतेस काय माझी?"

"बुडू दे," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, हात सोडला नाही.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दादाला रोखठोक सांगितलं, "काका, खड्याच्या मागे लघवी तुंबलीय. ती नासली असेल आणि मी आत पाण्याचा जोर लावून खडा फोडला, तर जंतू थेट रक्तात जातील. मग खडा राहिला बाजूला, माणूस हाती लागत नाही. आज खड्याला हात लावायचा नाही. फक्त नळी टाकून आतलं तुंबलेलं बाहेर काढू."

नळी टाकली तर पूच आला. लघवी पुन्हा तपासायला पाठवली, शिरेतून औषध सुरू झालं. दुपारी दादाला अशी हुडहुडी भरली की खाट वाजत होती. वहिनी त्याच्या पायांवर घोंगडी दाबून बसली. मी घाबरून रडत होते, ती नाही.

त्या वर्षी भात दुसऱ्याने शिजवला. दादा अंगात ती नळी घेऊन माझ्या घरी, तोंड फुगवून. ताप उतरल्यावर म्हणाला, "आता कशाला गोळ्या? बरा हाय मी." वहिनीने तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गिळेपर्यंत समोरून हलली नाही. तो तिच्याशी बोलत नव्हता. ती बोलायची, "तोंड उघडा." बस्स.

औषध पुरं झालं, लघवी पुन्हा तपासली, जंतू गेलेले दिसले, मगच डॉक्टरांनी खडा फोडला. नंतर ताप नाही, थंडी नाही. नळीही निघाली. "घेऊन जा घरी," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर वहिनी मटकन बसली. पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. येणारेजाणारे बघत होते. दादा गोंधळला.

"हिला काय झालं गो? आता तर मी बरा झालो."

"मेला असतास तू, दादा!" मी ओरडलेच. "तिला आत्ता कुठे रडायला सवड मिळाली."

दादा सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी पायरीवर बसला, आणि ती थांबेपर्यंत उठला नाही.