मागं ठेवलेलं टायमिंग

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचं टायमिंग बाबा मुद्दाम जरा मागं ठेवत. त्यानं इंजिन मऊ वाजायचं, पण धानाच्या बांधीतल्या चिखलात दम सोडायचं. मी चिडायचो. घरापुढच्या सपरीत खाटेवर पडून असलेल्या आईला इंजिनाची ठकठक सोसत नव्हती, म्हणून बाबा माझं ऐकत नसत.

आई गेली. रोवणीच्या आधी मी नट ढिले करून पंप फिरवला, टायमिंग कंपनीच्या खुणेवर आणलं. इंजिन खणखणीत सुरू झालं.

बाबा घरातून धावत आले. "बंद कर ना बे! तुह्या मायले तरास होते."

मी बंद केलं. बाबांनी सपरीकडे पाहिलं. खाट तेरवीपासून भिंतीला उभी होती.

मग ते म्हणाले, "कर चालू. आता कोनाले होते तरास."