एकाच पातेल्यातलं जेवण

माझी शिवांजली कॉलेज संपलं तरी स्वतःहून चहासुद्धा ठेवत नाही. आज मात्र तिने कांदा, टोमॅटो, पाणी आणि कच्चा पास्ता एकाच पातेल्यात शिजवून सगळ्यांना वाढला.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, शेतातल्या ठिबकच्या नळ्या शिजवल्यास व्हय?"

सगळे हसले, पण मला हसू येईना. घरात तीन बर्नरची शेगडी असताना, भाड्याच्या खोलीत एकाच शेगडीवर राहणाऱ्यासारखं एकाच पातेल्यात भागवायला ही का शिकली?

"पुण्यात नोकरीसाठी अर्ज करत होतीस, तिथे खोली बघितलीस ना?" मी विचारलं.

तिचा चमचा थांबला. "नोकरी लागलीय, आई. सोमवारी जायचंय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते पुन्हा वाढून घेत म्हणाले, "लय झ्याक झालंय."

"म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घालूनच पातेल्यातला उरलेला पास्ता ताटात ओढला.