पोटाच्या वेळेनं चालणारा माणूस

"अगोदर जागा बघून घेऊ."

कुठल्याही गावात जीपमधून उतरलं की भाऊसाहेबांचं पहिलं वाक्य हे. आमचं काम जमिनींचं आणि गावांच्या शिवांचं, त्यामुळे गावकऱ्यांना वाटायचं, साहेब नव्या कचेरीसाठी प्लॉट शोधताहेत. एका सरपंचानं तर मोठ्या उत्साहानं त्यांना गायरान दाखवायला नेलं. भाऊसाहेब निमूट मागून चालले, गायरान पाहिलं, मान डोलावली आणि हळूच विचारलं, "चांगलं हाय. अन् संडास कुठं हाय?"

हसलात ना? मीही हसले होते.

ते अव्वल कारकून, मी त्यांच्या हाताखालची लिपिक. आमच्या खात्यात एकमेकांना भाऊसाहेब म्हणायची रीत आहे, म्हणून मी त्यांना तेच म्हणायची. लातूरच्या कचेरीत आमची टेबलं समोरासमोर होती. त्या वर्षी आमच्या भागाचा वेगळा जिल्हा करायचं घाटत होतं. शिवेवरच्या गावांत जायचं, नव्या जिल्ह्यात यायचं की जुन्यातच राहायचं ते गावकऱ्यांकडून लिहून आणायचं, हे काम आम्हा दोघांकडे आलं. आणि वर्ष कुठलं, तर लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते.

बाईमाणसाची दौऱ्यावर काय अडचण होते ते बायकांना सांगायला नको. मी सकाळपासून पाणीच पीत नसे. तिसऱ्या की चौथ्या दौऱ्यात भाऊसाहेब जवळ आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "मॅडम, शाळेच्या मागं हाय. कडी लागते. बादली भरून ठेवलीय. मी हिकडं उभा राहतो, कुणी यायचं न्हाई." इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही पुरुष सहकाऱ्याला हे सुचलं नव्हतं. या माणसाला कसं सुचलं, ते मला पुढे कळलं.

दुपारी एका लिंबाखाली आम्ही डबे उघडले. त्यांच्या डब्यात मऊ भात, दही आणि उकडलेला बटाटा. रोज तेच. एकेक घास ते इतका वेळ चावायचे की माझा डबा संपून धुऊन व्हायचा. जेवताना पाण्याचा घोट नाही. पाणी अर्ध्या तासानं, तेही मीठ-साखर घातलेलं, थोडं थोडं. संध्याकाळचं जेवण सहाच्या आत. कचेरीत कुणीतरी चिडवलं होतं, "भाऊसाहेब, तुम्ही बौद्ध की जैन?" त्यावर ते म्हणाले होते, "सध्या पोट सांगेल त्या धर्माचा."

मी विचारलं, "पथ्य कशाचं आहे?"

त्यांनी अर्जाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं आकृती काढली. आम्ही नकाशातली माणसं, त्यांनी पोटाचाही नकाशाच काढला. "हे मोठं आतडं. बारा वर्षं जखमा होत्या, रक्त जायचं. औषधं हरली. मग हैदराबादला काढूनच टाकलं, अख्खं. काही महिने पोटावर पिशवी बांधून फिरलो. मग बारक्या आतड्याचंच टोक दुमडून आत पिशवी शिवली, ही अशी, इंग्रजी जे अक्षरासारखी. आता सगळा कारभार तिच्यावर." पेन्सिल तिथंच थांबली. "मोठं आतडं पाणी धरून ठेवतं. माझ्याकडं ते न्हाई. म्हणून दिवसातून सात-आठदा जावं लागतं, अन् प्यालेलं पाणी अंगात थांबत न्हाई."

मग त्यांनी त्या आकृतीचे बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. "कचेरीत बोलू नका. अनफिट ठरवतील."

दर रविवारी ते शेजारच्या डाळ मिलच्या काट्यावर वजन करायला जायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरायला लागलं की लगेच या. हमालांना त्यातली गंमत वाटायची. "भाऊसाहेब, आज तुरीचं पोतं जड हाय तुमच्यापेक्षा!" ते हसायचे आणि आकडा खिशातल्या वहीत लिहायचे. उन्हाळा चढला तसा आकडा उतरत गेला. कचेरीत कुजबुज सुरू झाली, यांना काहीतरी नसता रोग आहे म्हणून. त्यांच्या पेल्यातून पाणी पिणं दोघा-तिघांनी बंद केलं. त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

त्यांच्या घरी नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. एकदा मी गेले तेव्हा वहिनी ओल्या फडक्यानं अंग पुसून बाहेर आल्या. म्हणाल्या, "माझ्या आंघोळीची बादली ह्यांच्या दोन वेळा भागवते." तेवढंच. मला चहा केला, तोही अर्धा कप.

मी म्हणाले, "अर्ज करा ना. दौरा तरी सुटेल."

"अर्ज केला तर पोट कागदावर येतं," ते म्हणाले, "अन् न्हाई केला तर रस्त्यावर. कुठं जाऊ सांगा."

मग ते गाव आलं. उदगीरच्या पुढं, देगलूरच्या बाजूला, नांदेड जिल्ह्याला चिकटलेलं. जीपमधून गाव दिसू लागलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "इथं माझ्या बापानं विहीर खोदली. दोन उन्हाळे. जेवायला गोठ्यापाशी वाढायचे, वरून. मी लहान होतो, बापासंगं बसायचो."

लिहिण्याचं काम ज्यांच्या ओसरीवर झालं, तेच त्या विहिरीच्या मालकाचं घर निघालं. घरधन्याची आई, ऐंशीच्या घरातली, भाऊसाहेबांकडे टक लावून बघत होती. बापाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. म्हातारी काठी टेकत उठली.

"तू त्येचा पोरगा? लई मोठा झालास की रं. साऱ्या गावच्या विहिरी आटल्या, तुझ्या बापाची अजून घागरभर देती बघ. चल, आत चल. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

आत म्हणजे स्वयंपाकघरात, चुलीसमोर. पाट मांडला. ताटात ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची उसळ, फोडलेला कांदा. त्यांना यातलं काहीच चालत नव्हतं. भाऊसाहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग हात जोडले. "आजी, जरा पोट..."

म्हातारीचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं नगं व्हय आता? बराबर हाय बाबा. तुमाला राग असंलच."

मी मध्ये पडले. "नाही हो, त्यांना खरंच पथ्य आहे..."

"मॅडम, राहू द्या," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

सगळं खाल्लं. म्हातारीनं दुसरी भाकरी वाढली, तीही खाल्ली. ती शेजारी बसून पदरानं वारा घालत होती. निघताना तिनं आमचा पाण्याचा कॅन त्या विहिरीच्या पाण्यानं भरून दिला.

तासाभरात त्यांच्या कपाळावर घाम आला. दोन्ही हातांनी पोट धरून ते पुढं वाकले. पुढं एका अरुंद पुलावर टँकर बंद पडला होता. मागं गाड्या, पुढं गाड्या. जीप ना पुढं जाईना, ना वळेना. "थांबवता येईल का कुठं?" ते विचारत होते, आणि आम्ही तर थांबलेलेच होतो.

ते खाली उतरले. दोन्ही बाजूंना भेगाळलेलं काळं रान. झुडूप नाही, बांधावर झाड नाही, नाल्यात आडोसा नाही. मागच्या जीपमधली माणसं बघत होती. आमचा ड्रायव्हर शहाणा. काही न विचारता त्यानं ताडपत्री ओढून काढली आणि जीपच्या आडोशाला शेतात गेला. एक टोक त्यानं धरलं, एक मी. दोघांनी पाठ फिरवली. ऊन असं होतं की हातातली ताडपत्री भाजत होती. कॅन मी मागं सरकवला. ते आत कण्हत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "माफ करा मॅडम. माफ करा." तीनदा असं झालं. कॅन रिकामा झाला.

जीपमध्ये परत बसल्यावर त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग म्हणाले, "बापाला गोठ्याच्या पुढं येऊ दिलं न्हाई हो. मला चुलीपुढं पाट मांडला. तिथं मी काय म्हणू, पोटात जागा न्हाई?"

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं. वहिनी माझ्यावर रागावल्या. "तुम्ही होतात ना तिथं?" होते.

पावसाच्या आधी त्यांनी नांदेडला बदली मागून घेतली. कारण लिहिलं, कौटुंबिक अडचण. तिथं त्यांची मुलगी होती आणि नळाला पाणी होतं. आमची फाईल वर गेली ती वरच राहिली. नवा जिल्हा काही झाला नाही.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मी वेगळ्या कामानं त्या गावाला गेले. म्हातारीनं मला ओळखलं. "तुमच्यासंगं जेवला त्यो कुठं हाय?" का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. आतडं, पूल, सलाईन. ती म्हणाली, "मला ठावंच न्हाई. मी त्येला दुसरी भाकर वाढली." थोड्या वेळानं, "त्येला म्हणावं, एकडाव ये. भात करते. गुरगुट्या, बिनतिखटाचा."

मी त्याच संध्याकाळी नांदेडला फोन लावला. निरोप सांगितला. मग ते म्हणाले, "जाऊन येतो मॅडम."

दोन-तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. आमचं ते शेवटचं बोलणं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, हृदयाच्या झटक्यानं, झोपेत.

"देगलूरपर्यंत गेलो होतो," ते हसत सांगत होते. "आदल्या दिवशी दुपारपासून जेवलो न्हाई. म्हातारीला लुगडं घेतलं होतं. त्या गावाला जाणारी दिवसातली एकच गाडी लागलेली, बसायचं तेवढं बाकी. अन् तेवढ्यात पोट उठलं. स्टँडवरच्या संडासात पळालो. वर एक बारकी खिडकी हाय तिथं, गज लावलेली. त्यातनं गाडी सुटताना दिसली. मी हात केला हो कंडक्टरला."

"मग?"

"मग काय. आतून केलेला हात कुणाला दिसतो."