ट्यूब दोनदा बंद-चालू करायची

लाकडाचा भुसा झाडून कधी संपत नाही. रविवारी गाळ्यातून निघताना मी केस झाडते, ओढणी झाडते, चपला आपटते. तरी मंगळवारी ऑफिसात डबा उघडला की पोळीवर एक कण असतोच. किस्स्यांचंही तसंच आहे. त्यातून मी घरी गेल्यावर बोलायला कुणी नसलेली मुलगी, म्हणजे माझे किस्से खर्चच होत नाहीत, नुसते साठतात! आज जरा झटकते.

आधी एक सांगायला हवं. मी दचकते. कुकरची शिट्टी, फोनचं टुंग, मागून आलेलं "एक्सक्यूज मी", काहीही चालतं. बाबा रिटायर झाले आणि आईबाबा कणकवलीजवळ गावी राहायला गेले, तेव्हापासून घोडपदेवच्या आमच्या खोलीत मी एकटी. एकटं माणूस जास्तच दचकतं. आवाज झाला की तो आपण केलेला नाही, एवढं पक्कं माहीत असतं ना!

अशा मुलीने लाकूड कापायचं मशीन कशाला शिकायचं? तर मी एक व्हिडिओ बघितला. शिवणयंत्रासारखं छोटंसं मशीन, सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं, आणि एक हात प्लायचा तुकडा हळूहळू फिरवतोय. त्यातून पान निघतंय, पक्षी निघतोय. इतकं शांत! मी लगेच लालबागच्या एका क्लासला नाव घातलं.

तो व्हिडिओ मी म्यूटवर बघितला होता.

*

क्लास म्हणजे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. चार मशीनं, एक ट्यूबलाईट आणि तावडे मास्तर. मास्तर परळचे, जन्मभर फाउंड्रीत लाकडी साचे करून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,

"याआधी काय केलंयस?"

"बी.कॉम."

मास्तरांनी माझ्या दहाही बोटांकडे नीट बघून घेतलं. "बरं. जेवढी घेऊन आलीस, तेवढीच घेऊन जायचीस."

*

पातं लावताना त्याचे दात खाली यायला हवेत, म्हणजे लाकूड टेबलावर दाबून राहतं. मी वर केले. बटण दाबलं आणि प्लायचा तुकडा थडाथड नाचायला लागला. त्याच्याबरोबर मीही!

मास्तरांनी येऊन मशीन बंद केलं. "दात वर असले की लाकूड उडतं. लाकूड उडालं की तू उडतेस. मी एकटा माणूस, दोघांना कसा धरणार?"

*

आता तो प्रसिद्ध दिवस. मी वळणावर घाई केली आणि पातं तुटलं. तुटताना ते 'टाण्ण' करतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किंचाळले. शेजारच्या मशीनवर गिरगावचे श्रोत्री काका, बँकेतून रिटायर झालेले, गेले तीन रविवार एक हत्ती कापत होते. माझ्या किंचाळण्याने त्यांचा हात हलला आणि हत्तीची सोंड मुळापासून गेली.

काकांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. हत्तीकडे बघितलं.

"असू दे," म्हणाले. "आता हे डुक्कर."

मी रडवेली झालेली. धीर द्यायला मास्तरांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, तर मी दुसऱ्यांदा किंचाळले! तेव्हा मास्तरांनी गाळ्याचा नियमच केला: मशीन चालू असताना कुणी कुणाला मागून हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. भिंतीवरच्या बटणाने ट्यूब दोनदा बंद-चालू करायची. ज्याला वळायचंय तो वळेल.

एवढ्या मोठ्या मुंबईत मला कुणी दचकवणार नाही याची खात्री असलेली ती एकच जागा आहे. आठवड्यातून तीन तास, रविवारी सकाळी.

*

आमच्यात माटुंग्याच्या एक डेंटिस्ट आहेत, डॉक्टर मॅडम. त्यांचा हात इतका स्थिर की बघत राहावं. एकदा प्लायला भोक पाडायला ड्रिल हातात घेतलं, वाकल्या, आणि सवयीने त्या प्लायलाच म्हणाल्या,

"दुखलं तर डावा हात वर करा हं."

कुणीच हसलं नाही. श्रोत्री काकांनी मात्र आपला डावा हात पटकन खिशात घातला!

*

श्रोत्री काकांना दारावर लावायला पाटी करायची होती. आधी इंग्रजीत केली. कापून उचलली तर सगळी अक्षरं सुटी होऊन टेबलाखाली गेली. चौघेजण गुडघ्यावर बसून शोधत होतो. मग मास्तर म्हणाले, "मराठीत करा ना. वरची रेघ सगळ्यांना धरून ठेवते. इंग्रजीत ज्याचा तो."

काकांनी मराठीत केली. एका ओळीत एक नाव, अशी चार नावं: त्यांचं, काकूंचं, मुलाचं, सुनेचं. एकही अक्षर पडलं नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वा, घर भरलेलं दिसतंय!"

"पाटी भरलेली आहे," काका म्हणाले. "मुलगा-सून कॅनडात. ही दोन वर्षांपूर्वी गेली. पण पोस्टमनला कशाला कळायला हवं?"

*

पुढे मी एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि घरी खिडकीशी बसवलं. तिथून माझं बिघडलं.

आमच्या शेजारी राणे काकू. त्याही एकट्याच. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत आहे ती नावाला. त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी उठून माझा गॅस बंद करायला जाते. आईबाबा गेल्यापासून दर रविवारी दुपारी काकू दार वाजवायच्या. हातात डबा, बहुतेक वेळा बांगड्याचं तिखलं. "खा गो. एकटीसाठी काय शिजवतलंस?" एवढंच बोलून जायच्या. माझ्या दाराला हात लावणारं ते एकच माणूस.

त्या रविवारी त्यांनी दार वाजवलं असणार. मशीनमुळे मला ऐकू आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या आत आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी अशी किंचाळले की डबा त्यांच्या हातून पडला. तिखलं सगळीकडे. पूर्ण मजला धावत आला. कुणीतरी विचारलं, "काय झालं? साप निघाला काय?"

काकूंनी पदराने हात पुसले. "नाय," म्हणाल्या. "मीच."

आणि गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी डबा घासून द्यायला गेले. बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून नुसतं "डबा" एवढंच आलं. त्यांनी घेतला, "बरा" म्हटलं आणि दार लावलं.

मग रविवार आला आणि दार वाजलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. सात रविवार! मी दार मुद्दाम उघडं ठेवायचे, मशीन मध्येमध्ये बंद करून कान द्यायचे. पलीकडे त्यांचा कुकर व्हायचा, एक, दोन, तीन.

आईला फोनवर सगळं सांगितलं. गावी रेंज धड नाही, त्यामुळे आमच्या घरचं बोलणं म्हणजे ओरडणंच. "अगं, तू सॉरी म्हण ना!" आई तिकडून ओरडली. "जमत नाही गं मला!" मी इकडून ओरडले. "मला त्यांचा राग नाहीये! मास्तरांनी हात ठेवला तेव्हा पण मी किंचाळले होते! तिकडे ट्यूब दोनदा बंद-चालू करतात, मग मी नाही घाबरत!"

*

जे तोंडाने जमत नाही ते लाकडात करावं म्हणून मी काकूंसाठी चाव्या अडकवायचा बांगडा करायला घेतला. डोळा पोकळ हवा होता. आतलं कापायचं म्हणजे आधी भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडायचं, भोकातून ओवायचं, परत ताणून बांधायचं. मी दोन बांगडे आंधळे केले. तिसरा जमला. गाळ्यात सगळे बघायला जमले.

"पापलेट का?" श्रोत्री काका.

"काका, तुम्ही शाकाहारी आहात, गप्प बसा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि बांगड्याचं तोंड तपासायला लागल्या.

मास्तरांनी तो ट्यूबकडे धरून डोळ्यातून पलीकडे बघितलं. "कुणाला द्यायचाय?"

"शेजारच्या राणे काकूंना."

"मग घरी ठेवू नकोस. आजच दे."

मी त्याच दिवशी तो काकूंच्या कडीला अडकवला, बेल न वाजवता पळाले आणि माझ्या दाराला आतून टेकून उभी राहिले. पलीकडे कडी वाजली. मग दार बंद झालं.

सोमवार, मंगळवार, पूर्ण आठवडा, काही नाही. बांगडा कडीवर नव्हता, एवढंच दिसत होतं.

*

पुढच्या रविवारी दुपारी मी मशीनवर बसले होते. टीव्हीवर मॅच होती, सगळ्या घरांतून आवाज येत होता. अचानक मशीन थांबलं, ट्यूब गेली, पंखा मंदावला. मी हात बाजूला घेतले.

"लाईट गेली रे!" गॅलरीत कुणीतरी ओरडलं.

ट्यूब आली.

"आली आली!"

गेली.

"अरे परत गेली! शेवटची ओव्हर आहे!"

आली.

मी मशीनचं बटण बंद केलं आणि दार उघडून बाहेर आले. पूर्ण मजला बाहेर आलेला, सगळे जिन्याकडे बघत होते. जिन्यापाशी आमच्या मजल्याचा मेन स्विच आहे, लाल हँडलचा. त्याच्याखाली स्टुलावर राणे काकू उभ्या होत्या. एक हात हँडलवर, दुसऱ्यात डबा.

"काकू, काय करताय काय!" कुणीतरी ओरडलं. "मॅच चालू आहे!"

काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. सावकाश स्टुलावरून उतरल्या, सगळ्यांच्या मधून चालत अगदी माझ्या समोर आल्या, दोन हात लांब थांबल्या.

"काय गो," म्हणाल्या, "आता तरी घाबरलंस नाय मा?"