मेंढरं बसवणारा

अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी देणग्या गोळा करायची माझी नोकरी परवा संपली. निरोपाच्या जेवणात मला आठवत राहिला तो आटपाडीकडचा मेंढपाळ. उंब्रजजवळ रस्त्याकडेला मी त्याच्यापुढं माहितीपत्रक धरलं होतं. त्यानं ते उलटसुलट करून पटक्यात खोचलं आणि विचारलं, "पोरांची जिमीन हाय का?"

"आहे थोडी, वसतिगृहामागं. पण काही धड उगवत नाही."

"मग दोन राती मेंढरं बसवतो."

मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मीही ज्वारीचं पोतं काढून ठेवलं, तर त्यानं ते काठीनंच मागं सारलं. सवयीनं माझं आभाराचं भाषण सुरू झालं. मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "आवं ताई, मेंढरं कुठंतरी बसवायचीच हुती. तुमच्यात बसवली."

नाव विचारेपर्यंत कळप सडकेला लागला होता.

परवा सगळे म्हणत होते, "मॅडम, संस्थेसाठी लय केलंत तुम्ही." ताटात त्याच रानातली वांगी होती.

मी म्हटलं, "नोकरी कुठंतरी करायचीच होती. तुमच्यात केली."