केशरी जर्सीच्या मागे

सायकल चालवणाऱ्यांकडे इतके किस्से कसे साठतात, असं माझी बहीण फोनवर नेहमी विचारते. अगं, सोपं आहे! चढावर बोलायला दम नसतो. जे घडतं ते वर पोचेपर्यंत पोटात ठेवावं लागतं, आणि चहा हातात आला की सगळे एकदम सुटतात.

आम्ही अमेरिकेतल्या श्रूजबरीचे चौघं. मी मूळची ठाण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. मंदार नागपूरचा. डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा त्याचं प्रोजेक्ट गेलं, आणि घरात बसून वेड लागेल म्हणून त्यानं गॅरेज सेलमधून सायकल उचलली. नंतर नोकरी मिळाली, सायकल राहिली. डॉक्टरकाका सत्तरच्या दशकात मिरजेहून आलेले, आता रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आणि त्यांच्या नलूकाकू. त्या सायकलला हात लावत नाहीत, पण त्यांच्याशिवाय आमची राइड होत नाही, कारण मागून व्हॅन त्या आणतात आणि व्हॅनमध्ये थर्मास आणि थालीपीठं असतात.

दर रविवारी आसपास फिरायचं, आणि वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या शेवटी, वर न्यू हॅम्पशरच्या डोंगरात जायचं. तिथे एक खिंड आहे. रस्ता सगळा जंगलातून चढतो आणि माथ्यावर पोचलं की खाली तळं दिसतं. काकांचा त्या तळ्यावर फार जीव. मिरजेत एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं, म्हणायचे.

*

काकांनी नवी कार्बनची सायकल घेतली तेव्हा दसरा जवळ होता. काकूंनी ड्राइव्हवेवर रीतसर पूजा केली. हळदकुंकू, हार, नारळ. शेवटी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या, "चिरडा आता."

कारच्या चाकाखाली लिंबू चिरडतं हो! रोड बाइकचं टायर ते केवढं! चाक लिंबावर चढलं, घसरलं, आणि काकांचे दोन्ही बूट पेडलच्या खटक्यांत अडकलेले. हार घातलेल्या सायकलसकट काका लॉनवर आडवे.

समोरचा अमेरिकन शेजारी धावत आला. काकांना उठवलं, लिंबू बघितलं आणि हळूच विचारलं, "इज दॅट फॉर सेफ्टी?"

मंदार म्हणाला, "दॅट वॉज द प्लॅन."

लिंबाला ओरखडाही नव्हता. काकूंनी त्याचंच सरबत केलं आणि पहिला ग्लास त्या शेजाऱ्याला दिला.

*

एका वर्षी खिंडीच्या चढावर मूस, म्हणजे इथला अवाढव्य सांबर, आडवा आला. आपल्या म्हशीपेक्षा उंच, आणि रस्त्याच्या मधोमध उभा. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. पाटीवर लिहिलेलं असतंच की जवळ जाऊ नका. मंदार कुजबुजला, "हलू नको बे, हलू नको."

मागून व्हॅन आली. काकूंनी काच खाली केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हो बाजूला, मेल्या! चहा गार होतोय!"

मूसनं काकूंकडे बघितलं. मग एकेक पाय उचलत, अगदी सावकाश, झाडीत निघून गेला.

काका म्हणाले, "बघितलंत? मी चाळीस वर्षं असाच बाजूला होतोय."

*

आता जर्सीचा किस्सा. आमची एक रीत होती. पुढे मी, माझ्या मागे काका, शेवटी मंदार. पुढच्यानं ओरडायचं, "खड्डा!", "गाडी!", "वाळू!" माझी जर्सी भडक केशरी. मंदार त्यावरून मला सारखा चिडवायचा, "ट्रॅफिक कोन चालला बघा!"

एका रविवारी ती धुवायला पडली होती म्हणून मी करडी घालून आले. एका चौकात कुठल्यातरी सायकल क्लबची माणसं आमच्यात मिसळली, आणि पुढच्या वळणावर बघते तर काका गायब! फोन लागेना. आम्ही हाका मारत सुटलो. शेवटी काका सापडले एका ब्लूबेरीच्या शेतावर. एक लठ्ठ, दाढीवाला, केशरी शर्टातला शेतकरी आपली सायकल टेकवून फाटक उघडत होता, आणि काका त्याच्या मागे सायकल धरून शिस्तीत उभे. शेतकरी मला म्हणाला, "तुमचे आजोबा कधीपासून माझ्या मागे येतायत. कोण आहात विचारलं तर सारखं म्हणतात, 'चल गं, चल, थांबू नको.' म्हणजे काय हो?"

मंदार पोट धरून हसायला लागला. मीही हसले. काका हसले नाहीत.

"सुजाता," ते म्हणाले, "मला समोरचं, मधलं दिसत नाही. रेटिना गेलाय. रंग कळतो, कडा कळतात. वर्षभर मी तुझ्या जर्सीच्या मागे येतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर एरवीही कार काकूच चालवत होत्या आणि आम्ही समजत होतो, त्यांना ड्रायव्हिंगची हौस आहे. मला तिथेच रडू आलं.

*

काकूंनी सायकल गॅरेजच्या छताला टांगून टाकली. काका रविवारच्या पोह्यांनाही खाली येईनात.

एकदा मीच वर गेले. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "कडाही धूसर होत चालल्यात. पुढच्या वर्षी काय दिसेल सांगता येत नाही. त्याआधी एकदा ते तळं बघायचंय. व्हॅनमधून नाही, पेडल मारत."

खाली येऊन मी काकूंना सांगितलं. काकू भडकल्या. "तुमच्या हौसेपायी माझा नवरा दरीत घालवू का?"

मंदारनं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "काकू, दोन सीटची सायकल असते. टँडम. मागच्याला ना हँडल वळवायचं, ना ब्रेक दाबायचा. फक्त पाय चालवायचे."

काकूंनी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "पुढे सुजाता बसणार असेल तर. आणि उतार व्हॅनमधून."

*

शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही प्रॅक्टिस केली. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये इतरांना झोपवत आलेला माणूस, मागे गप्प बसतोय होय! "गिअर बदल. आता नको. डावीकडे. अगं, डावीकडे!"

"काका, तुम्हाला दिसतंय का?"

"नाही. पण तुला तरी कुठे दिसतंय?"

चौथ्या फेरीत मी सायकल थांबवली. म्हटलं, "काका, पेशंटनं थिएटरमध्ये इतकं बोललेलं तुम्हाला चालायचं का?"

"छे! लगेच भूल द्यायचो," म्हणाले, आणि त्यानंतर खरंच गप्प बसले. मला त्यांचे फक्त पाय जाणवत होते. म्हाताऱ्याचे पाय भलतेच दमदार.

*

सप्टेंबरात आम्ही वर गेलो. पायथ्याशी कोवळं ऊन होतं, मेपल लालभडक झाले होते. काका खुशीत होते, चढावर मला धाप लागली तरी मागचा जोर कमी झाला नाही. पण अर्ध्यावर ऊन गेलं, आणि माथ्याच्या अलीकडे ढगच खाली उतरले. पुढचा मंदार मला दिसेना. मी मनात देवाचा धावा केला, दोन मिनिटं तरी उघड म्हटलं.

नाही उघडलं. कठड्याशी सायकल टेकवली तर समोर नुसतं पांढरं. तळं नाही, झाडं नाही, काही नाही. मंदार मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा सोडत बसला.

काका कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "पोचलो ना? मला काही नीट कळत नाहीये. आज डोळे जरा जास्तच... सांगा की कुणीतरी, कसं दिसतंय?"

काकू व्हॅनमधून उतरून आल्या. समोर बघितलं, काकांकडे बघितलं, आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "पाणी अगदी निळं आहे. पलीकडच्या काठाला सगळी झाडं लाल झालीयेत. मधे दोनचार पिवळी. वारा नाही, त्यामुळे झाडं पाण्यात उलटी दिसतायत. आणि बरं का, दोन मुली होडी काढतायत. एकीला वल्हं धरता येत नाहीये, होडी नुसती गोल फिरतेय. दुसरी हसतेय तिला..."

मंदारनं तोंड उघडलं. मी त्याच्या बुटावर पाय दिला.

काकू डोळे पुसायला थांबल्या.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. बारीक थेंब लागून हात ओला झाला. तो त्यांनी पँटला पुसला.

"नलू, धुकं आहे ते कळलंय मला," ते म्हणाले. "तू थांबू नकोस. होडीचं काय झालं?"