शेवटचं पान आधी

ललिता सानप कुठलीही कादंबरी आधी शेवटच्या पानावर उघडायची. राजपुत्र शापातून सुटला, नायिकेचा हात त्याच्या हातात आला, एवढं दिसलं की मग पहिल्या पानापासून निवांत वाचायची. चाकणच्या कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर तिच्या शेजारी बसणारी अपेक्षा चिडवायची, "शेवट कळल्यावर मजा काय राहते, ताई?"

ललिता फणकारायची, "इथं कंत्राटावर वर्षभर जीव टांगणीलाच असतो. पुस्तकात तरी कशाला टांगू?"

त्या दुपारी लाइन बंद ठेवली होती. निम्म्या बायका कमी करणार, अशी कुजबुज आठवडाभर चालली होती. एकेकीला ऑफिसात बोलावून पाकीट देत होते. बाहेर आलेली कोणीच कोणाकडे बघत नव्हती. ललिताचं नाव पुकारलं तेव्हा ती उठून आत गेली.

"घरी जाऊन वाचा," साहेब म्हणाले.

"का? इथं वाचलं तर अक्षरं बदलतात का?" म्हणत तिने पाकीट तिथंच फाडलं आणि सवयीने आधी तळाची ओळ बघितली. 'आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

तिचा जीव भांड्यात पडला. ती जवळजवळ पळतच बाहेर आली. "वाचले गं! शुभेच्छा दिल्यात!"

अपेक्षाने पत्र घेतलं. तिच्याही हातात तसंच पाकीट होतं, फाडलेलं. तिने ललिताचं पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग कागद परत देत हळूच म्हणाली, "ताई, हे वरून वाच."